ओव्यांची पेटी

आदिलाबादच्या मराठी घरांतून जुन्या कॅसेटींची एखादी पेटी अद्याप आढळते. तीत आजीच्या जात्यावरच्या ओव्या असतात, एकादशीचे भजन असते. फितीवरील चुंबकीय लेप मात्र वर्षागणिक क्षीण होत जातो. म्हणून वाचकांस आमचे सांगणे आहे, की हे स्वर आताच संगणकात उतरवून घ्यावेत. सीडीच्या दर्जाने साठ मिनिटांस सुमारे ६३५ मेगाबाइट लागतात. 'फ्लॅक' पद्धतीत काहीही न गमावता त्यातही पुष्कळ बचत होते. ६४ गिगाबाइटांत शंभर कॅसेटी सहज मावतात.

पुढे २०१२ साली प्रथम निघालेल्या रास्पबेरी पायसारख्या लहानशा संगणकावर 'जेलीफिन' ही विनामूल्य प्रणाली बसवून तो घरच्या राउटरला जोडावा. मग घरातील कोणत्याही फोनवर ते गाणे ऐकता येते. इंटरनेट बंद असले तरी अडत नाही. डिस्कही कधीतरी बिघडतेच, तेव्हा दुसरी प्रत परगावच्या नातलगाकडे असावी. प्रत्येक गाण्यास गाणारीचे नाव, गाव व साल अवश्य लिहावे. तेलुगू शाळेत जाणाऱ्या नातवंडांना पणजीची बोली ऐकवणारे पाठ्यपुस्तक आमच्यापाशी नाही. ही पेटी आहे.