‘उपचारात्मक’ वर्ग कोणावर उपचार करतो?

एप्रिल 1969 मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचे आवार कृष्णवर्णीय आणि पोर्टो रिकन विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतले. त्या लढ्यामुळे 1970 पासून तिथल्या सिटी विद्यापीठाची दारे शहरातल्या हायस्कूल उत्तीर्ण मुलांना खुली झाली. लगेच ओरड सुरू झाली, ‘यांना लिहिता येत नाही, दर्जा घसरला!’ ओळखीची वाटते ना?

मिना शॉनेसी यांनी या मुलांचे निबंध बारकाईने वाचून 1977 च्या पुस्तकात दाखवले की त्यांच्या चुकांमागेही तर्क असतो. ब्रुकलिन कॉलेजच्या केनेथ ब्रफी यांना दिसले की कॉलेजने देऊ केलेली मदत मुले टाळतात, कारण तिथेही वर्गच भरतो. म्हणून त्यांनी मदतीला विद्यार्थीच बसवले. हा पीअर ट्यूटर लाल पेन चालवत नाही. मजकूर मोठ्याने वाचायला लावतो, ‘तुला इथे काय म्हणायचंय?’ विचारतो, आणि पेन लिहिणाऱ्याच्याच हातात ठेवतो.

आपल्याकडे काय आहे? अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी ‘उपचारात्मक वर्ग’. नावातच निदान! आरक्षणातून आला म्हणजे रोगी. मग तिथे नाव नोंदवायला कोण धजावेल? रायटिंग सेंटर सर्वांसाठी असते, पहिला नंबरवालाही तिथे जातो.

अशी केंद्रे आपल्या विद्यापीठांत मागितली पाहिजेत, तीही मराठीतून आणि पगारी. सेवाभावाच्या नावाने फुकट राबणे आपल्या पिढ्यांनी पुष्कळ केले.

आणि वसतिगृहातल्या दादा-ताईंनो, ज्युनिअरचा सिनॉप्सिस स्वतः लिहून देणे आधी थांबवा. व्हायवाला त्याला एकट्यालाच बसायचे आहे.