लाकूड फुकट, हात नव्हे

गेल्या चार वर्षांत मी ३१ ट्रक बांधले. आर.टी.ओ.ने दचकण्याचे कारण नाही. त्यांतला सर्वांत मोठा ट्रक वीतभर लांबीचा आहे आणि तो चालायला डिझेल नव्हे, सुतळी लागते. घरातल्या, शेजारच्या आणि जुन्या सहकाऱ्यांच्या नातवंडांना वाढदिवसाची भेट म्हणून ते वाटले. भेट हातात घेऊन लोक कौतुकाने म्हणतात, ‘वा, टाकाऊतून टिकाऊ! आणि खर्च काहीच नाही!’ यांतले पहिले वाक्य ऐकायला गोड लागते. दुसऱ्या वाक्याशी मात्र माझे भांडण आहे, आणि ते भांडण माझे माझ्याशीच अधिक आहे.

सुरुवात झाली ती २०२१ साली. बँकेतून निवृत्त होऊन वर्ष झाले होते. घरातल्या स्वयंपाकघराचे जुने ओटे-कपाटे काढून नवी बसवायचे काम निघाले. मिस्त्री राजस्थानचे, कामाला चोख. काम संपले तेव्हा गॅलरीत लाकडाच्या तुकड्यांचा ढीग पडला होता. सागवानाच्या पट्ट्या, जुन्या चौकटीचे ठोकळे, फळ्यांची टोके. मिस्त्रींनी विचारले, ‘साहब, ये फेंक दूँ?’ माझा जीव होईना. आयुष्यभर बुडीत खात्यातूनही काही वसूल होते का, हे पाहण्यात गेले. चांगले सागवान असे निर्लेखित कसे करायचे? त्या वेळी आमचा नातू चार वर्षांचा होता आणि ट्रकवाचून त्याला दुसरे काही दिसत नव्हते. मी म्हटले, राहू द्या.

इथे एक कबुली देतो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हातांचा उपयोग लिहिणे, जेवणे आणि नमस्कार करणे एवढाच. बल्ब बदलायलासुद्धा वडील वायरमनची वाट पाहत. माझ्या एका कादंबरीत एक सुतार आहे. तो पटाशीने फळी गुळगुळीत करतो. समीक्षकांनी त्याच्या एकाकीपणाविषयी बरेच लिहिले. पण फळी गुळगुळीत करायची ती रंध्याने, पटाशीने नव्हे, असे एकानेही लिहिले नाही. लिहिणारे आणि वाचणारे आम्ही सगळे एकाच आळीतले.

ट्रक म्हणजे तसे असते काय? खाली एक फळकूट, पुढे केबिनचा ठोकळा, मागे हौदा, दोन आस आणि चार चाके. एका दुपारचे काम, असा माझा अंदाज. पडद्याच्या जुन्या लाकडी दांड्याच्या चकत्या कापून चाके केली. त्या कुठे जाड, कुठे पातळ झाल्या. आसाची भोके काटकोनात पडली नाहीत, त्यामुळे तीन चाके जमिनीवर आणि चौथे अधांतरी. शेवटी फेविकॉल भोकात उतरले आणि आस जागच्या जागी घट्ट बसला. नातवाने तो ट्रक दोनदा ढकलून पाहिला आणि समजूतदारपणे विचारले, ‘आजोबा, हा पार्किंगमधला ट्रक आहे का?’

मग शिकत गेलो. आसाचे भोक आसापेक्षा थोडे मोठे हवे. गोंद चाकाला लावायचा, भोकाला नाही. करवतीवर जोर दिला की ती वाकडी जाते. ती आपल्या वजनाने चालू द्यायची. कडा कानशीने मारून मग पॉलिश पेपर फिरवायचा, आधी खरखरीत, मग बारीक; आणि शेवटी तळहात फिरवून पाहायचे, कारण डोळ्याला न दिसणारी शीळक तळहाताला सापडते.

सगळे टाकाऊ लाकूड खेळण्याच्या लायकीचे नसते, हेही सांगितले पाहिजे. जुन्या दारे-खिडक्यांच्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे रंगवलेले लाकूड कितीही चांगले दिसले तरी ते घासू नये आणि मुलाच्या हाती देऊ नये. मालाच्या खाली येणाऱ्या पॅलेटची लाकडे अनेक जण आणतात. परदेशी ये-जा करणाऱ्या पॅलेटवर शिक्का असतो. ‘एच.टी.’ म्हणजे ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेले, ‘एम.बी.’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेले. दुसऱ्याला हात लावू नये. वरून चकाकी हवी तर लाख किंवा मधमाश्यांचे मेण पुरते. आणि तीन वर्षांखालच्या मुलाला देताना चाक ओढून पाहावे. आपल्या हाताने निघाले, तर त्याच्या तोंडात गेलेच म्हणून समजा.

खरे तर यात नवे काहीच नाही. गावगाड्यात बारा बलुतेदारांतला सुतार नांगर-कुळव आणि बैलगाडी करी. बाभळीचे, सागाचे जे तुकडे उरत, त्यांतून घरातल्या पोरासाठी भोवरा निघे, विटीदांडू निघे, नव्याने पाय टाकणाऱ्या बाळासाठी तीन चाकांचा पांगुळगाडा निघे. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून ओढत नेतात. आजोबांनी ओढलेला बैल नातू ओढतो आहे, अशी घरे तिकडे आहेत. प्लॅस्टिकच्या खेळण्याचे चाक मोडले की खेळणे संपते. लाकडाचे चाक मोडले की दुसरे बसते. मुलाच्या लेखी हा फरक मोठा आहे. मोडलेली वस्तू दुरुस्त होते, हे त्याने एकदा डोळ्यांनी पाहिले की ते तो विसरत नाही.

पण मुद्दा खर्चाचा होता. जुनी खोड म्हणून मी पहिल्यापासून वहीत नोंद ठेवली. पहिल्या ट्रकला ११ तास लागले. विसाव्यापासून पुढे सरासरी ६ तासांवर आलो, त्याखाली काही उतरलो नाही. आमच्या मिस्त्रींचा रोज आठ तासांना १,२०० रुपये होता. तो दर धरला तर एका ट्रकची मजुरी ९०० रुपये होते. गोंद, पॉलिश पेपर, लाख मिळून ६० रुपये. लाकूड शून्य. एकूण ९६०. आता वहीबाहेरची एक नोंद सांगतो. २०१५ साली सावंतवाडीच्या बाजारात मी असाच एक लाकडी ट्रक घेतला होता. दुकानदाराने ४५० सांगितले. मी घासाघीस करून ३५०ला आणला आणि वाटेत बायकोला म्हटले, ‘बघ, शंभर वाचवले.’ ते शंभर रुपये कोणाचे होते, हे कळायला मला स्वतःच्या हातांना फोड यावे लागले.

कोणी म्हणेल, कसबी कारागिराला सहा तास लागत नाहीत. खरे आहे. पण त्याला दुकानाचे भाडे असते, विजेचे बिल असते, पावसाळ्यात ओल धरणारे लाकूड असते आणि गिऱ्हाईक नसलेले महिने असतात. सरकारने आपल्या परीने काही केले. खेळण्यांवरची आयात जकात २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर नेली, २०२३ साली ७० वर. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आय.एस.आय. चिन्हाची सक्ती आली, आणि नोंदणी झालेल्या हस्तकारागिरांना तिच्यातून सूट मिळाली. हे चांगलेच झाले. पण जकातीने चिनी ट्रक महाग होतो. आपल्या मेस्त्रींच्या हाताचा भाव वाढत नाही. तो दुकानाच्या फळीपाशी आपण ठरवतो. साचा एकदा केला की हजारो ट्रक ओतणाऱ्या कारखान्याशी आपण त्याची तुलना करतो आणि वर ऐकवतो, ‘लाकूड तर तुम्हाला फुकटच मिळते!’

हे वाक्य मी स्वतः उच्चारले आहे, तेही साहेबाच्या खुर्चीत बसून.

१९८७ साली मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडीपासून थोड्या अंतरावरच्या एका खेड्यातल्या शाखेत होतो. सावंतवाडीची लाकडी खेळणी, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची रंगीत फळे, गोल गंजिफा या सगळ्याला त्याआधीच्या दहा-पंधरा वर्षांत राजघराण्याच्या पुढाकाराने पुन्हा बरे दिवस येऊ लागले होते. आमच्या गावचे एक मेस्त्री भोवरे, लाटणी आणि लहान ट्रक करून जत्रांत विकत, काही माल सावंतवाडीला देत. लाकूड कातायचे त्यांचे यंत्र दोरीचे होते. एकाने दोरी ओढायची, दुसऱ्याने पटाशी धरायची. दोरी ओढायला त्यांचा दहा वर्षांचा मुलगा असे. त्यांना विजेची मोटार बसवायला साडेचार हजारांचे कर्ज हवे होते.

ते दिवस एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे. मार्च जवळ आला होता आणि माझा उद्दिष्टाचा आकडा बकऱ्यांमध्ये अडला होता. मी अर्ज चाळत विचारले, ‘मेस्त्री, वखारीतले तुकडे तुम्हाला फुकट मिळतात. मग एवढे भांडवल कशाला?’ ते म्हणाले, ‘लाकूड फुकट गावता साहेब, हात फुकट गावणत नाय.’ मी हसलो आणि कागदावर पहिला अर्धा भाग तेवढा लिहिला : कच्चा माल विनामूल्य उपलब्ध. मोटार नामंजूर झाली. तिच्याऐवजी मी त्यांना बकऱ्या घ्यायला लावल्या. पुढच्या पावसाळ्यात त्यांतल्या दोन दगावल्या. मेस्त्रींनी हप्ते मात्र एकूण एक फेडले, त्यामुळे आमच्या दप्तरी ते खाते नियमित म्हणून बंद झाले. अहवालात त्याचा समावेश यशस्वी प्रकरणांत झाला असणार.

२०२३ साली कोकणात गेलो तेव्हा वाट वाकडी करून त्या गावी गेलो. पिशवीत मी केलेला ट्रक होता. मेस्त्री ऐंशीच्या पुढे गेलेले, हात थरथरणारे. दोरी ओढणारा मुलगा आता मालाचा टेम्पो चालवतो. कातकाम घरात कोणालाच येत नाही. मेस्त्रींनी ट्रक घेतला आणि आधी उलटा केला. आपण वस्तू वरून पाहतो, कारागीर खालून पाहतो. चाक फिरवले, कडेवरून अंगठा फिरवला. ‘चाकां बरी फिरतत. पण बंपर टिकाचो नाय, रेषे आडवे घेतल्यात.’ मग विचारले, ‘वेळ कितको लागलो?’ मी म्हटले, ‘सहा तास.’ ते हसले. त्यांना दीड तास पुरला असता.

मी मोटारीचा विषय काढला, माझी चूक झाली म्हणालो. त्यांनी हात हलवून तो बाजूला सारला. त्यांना दुसरेच विचारायचे होते. ‘ह्यो कितक्याक इकतास?’ मी जरा अभिमानानेच सांगितले की विकत नाही, भेट देतो. ते थोडा वेळ गप्प राहिले. ‘फुकट देव नकात, साहेब. मगे आमचा कोण घेतलो?’

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी खेळणी करणे थांबवलेले नाही. नातवाशेजारी बसून चाक घासण्याचा आनंद या वयात सोडवत नाही. उलट माझे सांगणे आहे की प्रत्येक सुशिक्षित घरात आयुष्यात एकदा तरी टाकाऊ लाकडाचा एक ट्रक व्हावा. तो वाकडा होईल, होऊ द्या. मुलाला खेळणे मिळेल आणि आपल्याला हिशेब कळेल. तो कळलेला माणूस पुन्हा कधी सुताराशी, कुंभाराशी, बुरुडाशी पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालणार नाही. घालायला गेलाच, तर त्याचे त्यालाच फोड आठवतील.

आणि मेस्त्रींच्या प्रश्नासाठी मी एक लहानसा रिवाज पाडला आहे. आता प्रत्येक ट्रकच्या हौद्यात एक चिठ्ठी असते : लाकूड शून्य, वेळ सहा तास, किंमत ९६० रुपये. याहून चांगला ट्रक सावंतवाडीच्या बाजारात मिळतो. घासाघीस न करता घ्यावा.

बायको म्हणते, भेटीसोबत बिल देणारा तुमच्यासारखा माणूस पाहिला नाही. असेल. पण आमच्या शाखेतल्या त्या कागदावर निम्मे वाक्य लिहायचे राहून गेले होते. ते आता एकेका चिठ्ठीवर पुरे करतो आहे.