आधी पाकीट बघा, मग कार्ट भरा

बेंबळीहून एसटीने धाराशिवला कॉलेजला येणारी मुलं असोत की तिथेच रूम करून राहणारी, सगळ्यांच्या मोबाईलमध्ये शॉपिंगची तीच तीन-चार अ‍ॅप असतात. फरक असतो तो घरात पैसा कसा येतो यात. पगारदाराकडे तो दर महिन्याला येतो. शेतकऱ्याकडे सोयाबीन विकल्यावर एकदा येतो आणि मग महिनोन् महिने पुरवावा लागतो. तुमच्या खात्यावर घरून येणारे पैसे त्यातलेच असतात.

म्हणून एक जुनी युक्ती सुचवाविशी वाटते: पाकिटांचं बजेट. किराण्याचे पैसे डाळीच्या डब्यात, फीचे पैसे कपाटात, असं आपल्या आज्यांनी वर्षानुवर्षं केलं. समजा, मेस आणि रूमभाडं सोडून हातात १५०० रुपये उरतात. प्रवासाला ५००, झेरॉक्स-पुस्तकांना ३००, रिचार्जला ३००, ऑनलाइन खरेदीला २५० आणि अडीअडचणीला १५० अशी पाच पाकिटं करा. एक पाकीट संपलं की त्या महिन्यापुरता तो खर्च बंद. ४९९ चा टी-शर्ट हवाय? मग दोन महिने थांबा.

तुम्ही म्हणाल, ऑनलाइन खरेदीत नोटा कुठून आणायच्या? सोपं आहे. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर पाकिटातूनच पैसे द्या. फक्त त्यासाठी जादा आकार लावलाय का, ते आधी बघा. यूपीआयने पैसे भरले, तर तेवढ्याच नोटा लगेच खरेदीच्या पाकिटातून काढून 'बँकेत भरायचे' अशा वेगळ्या पाकिटात टाका. वस्तू परत केली आणि पैसे खात्यावर आले, तर तितक्या नोटा पुन्हा जागेवर ठेवा. रूमवर रोख ठेवायची भीती वाटत असेल तर एक झिरो बॅलन्स खातं फक्त खरेदीसाठी ठेवा आणि अ‍ॅपला तेवढंच जोडा.

एवढा खटाटोप कशाला? कारण न दिसणारा पैसा हातातून सहज सुटतो. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली होती. क्रेडिट कार्डने पैसे देणाऱ्यांची बोली रोखीवाल्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. यूपीआय म्हणजे कार्ड नव्हे, पण नोट मोजून देताना जे टोचतं ते पिन टाकताना टोचत नाही, हा अनुभव तुमचाही असेलच.

शिवाय समोरचा गप्प बसलेला नसतो. 'फक्त दोनच शिल्लक' अशी खोटी घाई, न मागता कार्टमध्ये घुसवलेली वस्तू, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणारं बटण... अशा १३ फसव्या क्लृप्त्यांवर केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी बंदी घातली आहे. तरीही असं काही दिसलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण पहिला बचाव आपल्याच हातात आहे.

सर्वात जपायचं ते 'आत्ता घ्या, नंतर भरा' या बटणापासून. ते पाकीट नव्हे, कर्ज आहे. हप्ता चुकला तर दंड लागतो, सिबिल स्कोअर घसरू शकतो आणि उद्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेल्यावर हाच टी-शर्ट आडवा येऊ शकतो.

खरेदी करूच नका, असं कुणी म्हणत नाही. २५० चं पाकीट तुमचंच आहे. ते खुशाल उडवा, अपराधी वाटून घेऊ नका. फक्त बाकीच्या चार पाकिटांना हात लावू नका. या महिन्यात पैसे आले की अ‍ॅप उघडायच्या आधी पाच पाकिटं भरा आणि महिनाअखेरीला काय उरलं ते मोजा.