वाणीचे ऋण

पेण तालुक्यातील डोलवी हे गाव धरमतरच्या खाडीलगत वसलेले आहे. आज पोलादाच्या कारखान्यामुळे त्याचे नाव दूरवर पोचले असले, तरी या परिसराची जुनी ओळख खारजमिनीतील भातशेतीची आहे. आश्विन महिन्यात भाताच्या लोंब्या दाण्यांनी भरल्या, म्हणजे कोकणातील अशा शेतांवर पोपटांचे थवे उतरतात. शेतकऱ्याला हे पाहुणे मुळीच आवडत नाहीत. तो हाळी देतो, गोफण फिरवतो. परंतु त्या थव्याची एक रीत मात्र पाहण्याजोगी असते. धोका प्रथम ज्याच्या ध्यानात येतो, तो पोपट निमूटपणे एकटाच उडून जात नाही. तो कर्कश ओरडतो आणि क्षणार्धात सारा थवा आकाशात झेपावतो. एकाचा आवाज सर्वांचे रक्षण करतो.

हाच पोपट पिंजऱ्यात पडला, की त्याचा आवाज निराळ्याच कामी लागतो. पोपटाला माणसासारख्या स्वररज्जू नसतात. श्वासनलिकेच्या तळाशी असलेल्या इंद्रियातून तो ध्वनी काढतो आणि आपल्या जाड जिभेने त्याला आकार देतो. सोबत्यांचे आवाज ऐकून तसेच आवाज काढण्याची शक्ती त्याला निसर्गाने दिली आहे. पिंजऱ्यात सोबती उरत नाहीत, म्हणून तो माणसांचे शब्द उचलतो. 'मिठू मिठू' म्हटले की मिरची मिळते, आणि तेवढे त्याला पुरते. अर्थ न जाणता केलेल्या अशा बोलण्याला मराठीत 'पोपटपंची' हा मार्मिक शब्द आहे.

अशाच एका पाळीव पोपटाची कथा 'दिल्ली सफारी' या हिंदी चित्रपटात सांगितली आहे. निखिल अडवाणी यांनी दिग्दर्शित केलेला हा ॲनिमेशनपट, म्हणजे चित्रांना हालचाल देऊन तयार केलेला चित्रपट, २०१२ साली प्रदर्शित झाला. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो उत्कृष्ट ॲनिमेशनपट ठरला. कथेची सुरुवात मुंबईतील बोरिवलीच्या जंगलात होते. सुमारे १०० चौरस किलोमीटरांचे हे वन महानगराने वेढलेले असून, त्यात आजही बिबटे राहतात. चित्रपटात इमारती बांधण्यासाठी या जंगलावर यंत्रे चालून येतात आणि एका बिबट्याच्या पिल्लाचा पिता मारला जातो. तेव्हा प्राणी दिल्लीला जाऊन संसदेपुढे गाऱ्हाणे मांडण्याचे ठरवतात. पण माणसांशी बोलणार कोण? माणसाची भाषा येते ती फक्त ॲलेक्स नावाच्या पोपटाला. आणि तो तर एका घरी लाडात वाढलेला, जंगलाशी आपला काय संबंध, असे मानणारा!

ॲलेक्सचा हा प्रश्न सहज झिडकारण्यासारखा नाही. भाषा त्याने शिकली; मग ती कोणासाठी वापरावी, हे इतरांनी का सांगावे? पुष्कळ माणसेही असेच म्हणतात. 'मी अभ्यास केला, मी विद्या मिळवली. तिच्यावर दुसऱ्याचा हक्क कोणता?' परंतु भाषा ही कोणा एकट्याची कमाई नसते. ती आईच्या तोंडून ऐकलेली, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून उचललेली, गुरुजींनी घटवून घेतलेली असते. अनेकांनी दिलेल्या ठेवीवर एकट्यानेच मालकी सांगणे न्यायाचे होणार नाही.

ही गोष्ट डोलवीच्या परिसरातील शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये, म्हणून तेथे मातीचे बांध घालतात. त्या बांधात खेकडा बीळ करतो, बिळातून पाणी झिरपू लागते आणि उधाणाच्या भरतीला तेथेच खांड पडते. एकदा शेत खारावले, की पुढील काही हंगाम ते पूर्वीसारखे पिकत नाही. अशा वेळी बांधावरून जाणाऱ्याने बीळ पाहिले, पण 'माझे शेत तर दूर आहे' असे म्हणून तो गप्प राहिला, तर त्याने केवळ मौन पाळले असे म्हणता येईल काय? बांध सर्वांचा असतो, आणि खारे पाणी शेताची मालकी विचारत नाही. ज्याच्या दृष्टीस बीळ पडले, त्याच्यावरच हाक देण्याची जबाबदारी येऊन पडते. ती त्याने मागितलेली नसते. पण म्हणून ती टळत नाही.

ॲलेक्सच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्याला प्राण्यांनी बळेच पळवून नेलेले असते. बळजबरीने पक्षी दिल्लीपर्यंत नेता येईल. पण त्याच्याकडून मनापासून बोलवून घेता येणार नाही. वाटेतील संकटे आणि सोबत्यांची माया यांनी त्याचे मन हळूहळू पालटते, आणि शेवटी तोच माणसांपुढे प्राण्यांची बाजू मांडतो. जबाबदारी लादता येत नाही, ती स्वीकारावी लागते, हे या कथेचे मर्म आहे.

अर्थात, पडद्यावर एका भाषणाने जे साधते, ते जगात इतक्या लवकर साधत नाही. हाक दिल्यानंतर बांधावर माती टाकावीच लागते. तरीही पहिली हाक कोणी दिलीच नाही, तर घमेले उचलायला येणार तरी कोण?

रानातील पोपट पकडणे, विकणे किंवा पाळणे हा आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. पोपटाची जागा पिंजऱ्यात नसून थव्यात आहे, हे कायद्यानेही मान्य केले आहे. माणसाच्या वाणीचेही तसेच आहे. वर्गात एखाद्या दुबळ्या मुलावर अन्याय होत असतो. ज्याला नीट बोलता येते, तो विद्यार्थी खाली मान घालून बसतो. बक्षीस मिळते तेव्हाच ज्याचे तोंड उघडते, त्याच्या वाणीत आणि पिंजऱ्यातील 'मिठू मिठू'त अंतर ते कितीसे? शेतावरच्या थव्यातील त्या पहिल्या पोपटाला शब्द येत नाहीत. पण ओरडायचे केव्हा आणि कोणासाठी, हे तो चुकत नाही.