तुडतुड्याने चाखलेला चहा

तैवानच्या वायव्य भागातील शिंचू व मिआओली जिल्ह्यांत उन्हाळ्यात चहाच्या मळ्यांवर बारीक हिरवे तुडतुडे येतात. त्यांनी रस शोषलेली कोवळी पाने पिवळसर पडून आक्रसतात. व्यापारी दृष्टीने हा डागी माल. परंतु ‘पूर्वेची सुंदरी’ हा नामांकित ऊलाँग चहा याच पानांचा होतो.

दंश झालेले झुडूप स्वसंरक्षणार्थ सुगंधी द्रव्ये निर्माण करते. ही पाने हाताने खुडून उन्हात कोमेजवतात व सावलीत वारंवार हलवतात. कडा दुखावून पान तांबूस होऊ लागते. योग्य वेळी कढईत परतून ती क्रिया थांबवतात. मग ओलसर फडक्यात मऊ करून वळतात आणि सुकवतात. पेल्यात उतरतो तो पिकल्या फळांचा आणि मधाचा दरवळ, मधाचा थेंबही नसताना!

या चहाला तेथे ‘फुशारकीचा चहा’ असेही म्हणतात. किडकी पाने चढ्या भावाने विकल्याचे एका शेतकऱ्याने सांगितले, तेव्हा गावाला ती बढाई वाटली, अशी कथा आहे.

कीटकनाशक फवारले, तर तुडतुडा जातो आणि त्याच्यासोबत सुगंधही. म्हणून उत्पन्न घटले तरी शेतकरी फवारणी टाळतो. हा संयम जीवदयेतून नव्हे, लाभातून आला आहे; त्यास अहिंसाव्रत म्हणता येणार नाही. तथापि कीटक मारल्यावाचून उत्तम माल पिकत नाही, हा समज येथे खोटा ठरतो. चहा असो वा धान्य, खरेदीच्या वेळी भावाबरोबर फवारणीचीही चौकशी करणे श्रावकाच्या व्यवहाराला शोभणारे आहे.