अपेक्षाभंग करणारी पुस्तकं

अर्धापूरचा वाचक पुस्तक सहजासहजी विकत घेत नाही. केळीचा हिशेब हातात आला की नांदेडहून मागवतो आणि मोठ्या आशेनं पहिलं पान उघडतो. पुस्तकानं निराश केलं तर त्याला ते जास्तच लागतं. हा अंक त्या निराशेविषयी आहे.

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ साली आली. तिच्यावर जीव जडलेले वाचक नेमाड्यांच्याच ‘हिंदू’ या कादंबरीची वर्षानुवर्षं वाट पाहत होते. २०१० साली ती आली, तेव्हा काहींना ती थोर वाटली, काहींनी अर्ध्यावरच मिटून ठेवली. आमच्या मते तिचा ऐसपैसपणा जाणूनबुजून आहे. पण पुन्हा ‘कोसला’च हवी असलेल्या वाचकाचं दुःखही खरं आहे. ते उघडपणे बोललं गेलं पाहिजे. नांदेडचे समीक्षक नरहर कुरुंदकर यांनी मोठमोठ्या लेखकांशी असलेले मतभेद स्पष्ट मांडले. त्यांच्याच जिल्ह्यात आपण नावड का लपवावी?

आम्ही नामवंत पुस्तकंच निवडली आहेत, नवख्या लेखकांना दुखवायचं नव्हतं. तुमचं पुस्तक कोणतं? काय अपेक्षा होती आणि ती कुठे तुटली, ते सविस्तर लिहून पाठवा. पुढच्या अंकात छापू, आमच्याशी न पटणारी पत्रं आधी.