अवतरणे फिरवून लिहू नका

निवडणूक वादचर्चांवरचे प्रबंध ‘साम्य जास्त’ असा शेरा मारून परत येत आहेत, अशी पत्रे गेले काही महिने सतत येत आहेत. साम्य कशाशी? उमेदवारांच्याच विधानांशी! आणि वरून सल्ला, ‘वाक्ये फिरवून लिहा.’

फिरवून पाहू. फ्रान्समधल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत, २८ एप्रिल १९८८ च्या वादचर्चेत, पंतप्रधान शिराक राष्ट्राध्यक्ष मित्तराँ यांना म्हणाले, की आज मी पंतप्रधान नाही, तुम्ही राष्ट्राध्यक्ष नाही. आपण दोघे समान उमेदवार, म्हणून मी तुम्हाला श्री. मित्तराँ म्हणेन. मित्तराँचे उत्तर होते, ‘अगदी बरोबर आहे तुमचे, पंतप्रधान महोदय.’ समानता तोंडाने मान्य करायची आणि त्याच वाक्यात समोरच्याला आपल्या हाताखालच्या पदावर नेऊन बसवायचे! याचे फिरवलेले रूप: ‘मित्तराँ यांनी मुद्दा मान्य केला.’ साम्य शून्य, विश्लेषणही शून्य.

अमेरिकेत २०१६ च्या तिसऱ्या अध्यक्षीय वादचर्चेत क्लिंटन बोलत असताना ट्रम्प यांनी मध्येच त्यांना ‘नॅस्टी वूमन’ म्हटले. ‘ट्रम्प यांनी टीका केली’ असे लिहिले, की बोलण्याची पाळी कोणाची होती आणि ती कोणी हिसकावली, हेच पुसले जाते. मग प्रोक्तिविश्लेषण कशाचे करायचे?

नियम असे काहीही सांगत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत श्रेयनिर्देशासह दिलेली अवतरणे साम्यतपासणीतून वगळलेली आहेत. दहा टक्क्यांची मर्यादा उरलेल्या मजकुराला आहे. प्रचलित तपासणी-प्रणालींत अवतरणे वगळण्याची सोयही असते. ती कोणी वापरत नाही आणि भुर्दंड विद्यार्थ्याला: दुरुस्ती, फेरसादरीकरण, वाया गेलेले महिने.

अधिकाऱ्यांचे सोडा, आपल्या मार्गदर्शकांचे काय? भाषेतून सत्ता कशी चालते, हे वर्गात तासन् तास सांगायचे आणि साम्य-अहवालावर मात्र न वाचता सही ठोकायची! काहींनी तर विद्यार्थ्यांना वाक्ये फिरवायला स्वतःच बसवले आहे.

आता पुरे. अवतरणे वगळून फेरतपासणी लेखी मागा. नकार मिळाला तर तोही लेखी घ्या आणि प्रत आमच्याकडे पाठवा. नावे गाळून छापू. प्रतिलेखन शब्दशः द्या. अडथळे, एकाच वेळचे बोलणे, विराम यांच्या खुणा ठेवा. तारीख, वेळ आणि स्रोत नोंदवा. उमेदवारांची वाक्ये फिरवून लिहिलेला लेख या अंकापासून परीक्षकांकडे न पाठवता परत केला जाईल.